जवानाची मुलगी सांभाळली जाते, याबद्दलचा पंचनामा

ज्या माणसाने एकशे चाळीस कोटी लोकांच्या रक्षणाची जबाबदारी अंगावर घेतली आहे, त्याच्याकडे आणखी एका मुलीची जबाबदारी मागणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. मुलगी त्या एकशे चाळीस कोटींत धरलेलीच असते. तिला पुन्हा वेगळं मागणं म्हणजे एकाच योजनेचा दोनदा लाभ घेणं. आणि असं करणाऱ्याचं नाव यादीतून कसं उडतं, हे ज्याच्या घरात रेशनकार्ड आहे त्याला सांगायला नको.

हे तत्त्व शिरूर तालुक्यातल्या बोरमाळ गावाने सगळ्यांच्या आधी ओळखलं. बोरमाळची लोकसंख्या एकोणीसशे. त्यात सैन्यात असलेले पाच. सैन्यात असल्याचा फ्लेक्स लागलेले एकोणीस. (उरलेल्या चौदा जणांचे फ्लेक्स भरतीची तयारी चालू असतानाच छापले होते. त्यातले नऊ जण आता शिक्रापूरला कंपनीत लोडिंगला आहेत. पण फ्लेक्सचं कापड चांगलं निघालं, म्हणून कोणी काढले नाहीत.)

गावात जवान सन्मान समिती आहे. अध्यक्ष मच्छिंद्र आप्पा. आप्पांची तीस एकर बागायत आहे, सोसायटीत वजन आहे आणि शिक्रापूरला हायवेवर फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. जवानांबद्दल आप्पांच्या मनात जो आदर आहे तो चौरस फुटाने मोजता येतो, आणि बिल ग्रामपंचायतीला जातं. समितीत आप्पा धरून सात सभासद. सातही जणांच्या घरातून आजपर्यंत कोणी सैन्यात गेलेलं नाही, त्यामुळे कामात कुठेही पक्षपात होत नाही.

या गावचे एक जवान म्हणजे नाईक बिरदेव भैरू ठोंबरे. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडील भैरू यांनी मेंढरं विकून कांदा लावला, आणि बिरदेव फौजेत गेले. त्यांची पत्नी स्वप्नाली. मुलगी धनश्री, सात पुरी व्हायला आलेली. गेली तीन वर्षं या दोघी बोरमाळला राहत नाहीत. कुरकुंभला भाड्याच्या खोलीत राहतात. स्वप्नाली तिथल्या एका औषध कंपनीत गोळ्या पॅक करते. आठवड्याला पाळी बदलते, आणि पोरगी त्या पाळीप्रमाणे कधी शेजारणीकडे झोपते, कधी आईजवळ.

वाद पैशाचा आहे असं लोकांना वाटतं. वाद डोळ्याचा आहे.

धनश्रीचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला जातो. दौंडच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं: चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी, महिन्याला एक तपासणी, आणि बहुतेक पुण्याला ऑपरेशन. आठ वर्षांच्या आत केलं तर डोळा कामाला येईल. नंतर तो दिसायला डोळाच राहील, पण मेंदू त्याच्याशी बोलायचं बंद करेल. (डॉक्टरांचे शब्द. असं बंद पडलेलं बोलणं स्वप्नालीला समजावून सांगायची गरज पडली नाही.)

सासूबाई सगुणाबाईंचं मत वेगळं होतं. धनश्री जन्मली तेव्हा बिरदेव साधे शिपाई होते. पोरीचा डोळा फिरलेला लक्षात आला आणि दोन महिन्यांत ते लान्स नाईक झाले. डोळा जास्त फिरला, तसे नाईक झाले. सगुणाबाईंनी हे स्वतः बघितलेलं आहे.

"डोळं सरळ करायचं म्हंजी लक्ष्मीला घराबाहेर काढायचं," सगुणाबाई म्हणाल्या. "हवालदारकी तोंडावर आल्या. त्येवढी हुंदे, मग बघू."

हवालदाराच्या पुढे सुभेदारीपर्यंत आणखी पायऱ्या आहेत. स्वप्नालीने हिशेब केला. सुभेदार होईपर्यंत पोरगी लग्नाची होत होती. ती पोरीला घेऊन कुरकुंभला आली. त्या महिन्यापासून बिरदेवांकडून येणारे पैसे थांबले. जवानाच्या मुलीवर लष्कराच्या दवाखान्यात फुकट उपचार होतात हे खरं आहे. त्याला कार्ड लागतं. कार्ड सगुणाबाईंच्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. बिरदेवांचं म्हणणं असं की, पगार घरी जातोय. घर बोरमाळला आहे. बायको घरी आली की पगार तिलाही आपोआप मिळाल्यासारखा होईल. कुरकुंभची खोली हे घर नाही, त्यामुळे तिथे पैसे पाठवले तर ते घराबाहेर जातील. या म्हणण्यात चूक काढायला जागा नाही. बोरमाळला सध्या त्या पगारातून दुमजली स्लॅब उभा आहे, वर सिमेंटचा रणगाडा बसवला आहे, त्याच्या पोटात पाण्याची टाकी आहे.

आता समितीच्या कामाबद्दल थोडं. जवान सुट्टीवर येतो ती गाडी दौंडला पहाटे पोचते. पहाटे डीजे नसतो, गाव नसतं, उजेड नसतो. देशसेवा करून आलेला माणूस अशा वेळी एकटाच पिशव्या घेऊन एसटी शोधत हिंडतो हे बरं दिसत नाही. म्हणून समितीने ठराव केला की जवानाचं आगमन 'अचानक' व्हावं, आणि अचानक आगमनाची तारीख तीन आठवडे आधी ठरवावी. पहाटे उतरलेल्या जवानाला दौंडजवळच्या एका ढाब्यावर खाटेवर झोपवतात. दुपारी अंघोळ, दाढी, पुन्हा वर्दी. चार वाजता त्याला परत स्टेशनवर नेऊन सोडतात. साडेचारला तो स्टेशनातून बाहेर येतो आणि सगळ्यांना बघून चकित होतो.

गेल्या मार्चमध्ये बिरदेव असेच अचानक आले. या वेळी समितीला रील करायची होती, आणि रीलला मूल लागतं. मच्छिंद्र आप्पांनी स्वतः स्वप्नालीला फोन केला. "सूनबाई, धनूला घिऊन या. बापाला पोरगी दिसंल, पोरीला बाप." स्वप्नाली खाडा करून आली, कारण बाप नुसता दिसण्यापेक्षा त्याच्याशी दोन मिनिटं बोलायची ती तीन वर्षांतली पहिलीच सोय होती. फोन तिचा तो उचलत नव्हता.

समितीने धनश्रीला लहान मापाची फौजी वर्दी घातली, हातात गुलाबाचं फूल दिलं आणि सांगितलं की वर्दीतला पप्पा दिसला की पळत जायचं, सॅल्यूट मारायचा, मिठी मारायची.

पहिल्या टेकला धनश्री पळत गेली आणि स्टेशनच्या दाराशी उभ्या असलेल्या रेल्वे पोलिसाला घट्ट मिठी मारली. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाणी पाहिजे का विचारलं.

"अगं पोरी, त्यो न्हवं!" आप्पा ओरडले. "त्यो रेल्वेचा हाय! तुजा पप्पा हिकडं!"

धनश्रीला दोष देता येत नाही. तिला 'वर्दीतला' एवढंच सांगितलं होतं.

दुसऱ्या टेकला बिरदेवांनी खिशातून चॉकलेट काढून दाखवलं, त्यामुळे ओळख पटली. पण चॉकलेट फ्रेममध्ये आलं. तिसरा टेक जमला. धनश्री पळत आली, थांबली, उन्हाकडे तोंड करून डावा डोळा गच्च मिटला आणि सॅल्यूट मारला. बिरदेवांनी तिला उचललं. उचलून धरण्याचा एकूण कालावधी बावीस सेकंद. कॅमेरा खाली गेल्यावर तिलाही खाली ठेवलं.

स्वप्नालीने पर्समधून डॉक्टरांचा कागद काढला आणि पुढे झाली. बिरदेवांच्या गळ्यात तेव्हा अकरा हार होते.

"धनूच्या डोळ्याचं हाय," ती म्हणाली. "आठाच्या आत झालं तर झालं, म्हणलेत डॉक्टर. तुमी नुसतं कार्ड द्या. न्हाईतर म्हयन्याला काय ते पाठवा."

"घरी पाठवतोय की मी."

"त्या घरात धनू ऱ्हात न्हाई."

"मग ऱ्हा की. कोण नको म्हणलंय? नोकरी सोड आन् ये."

"आन् डोळा?"

"आई काय म्हणली ते ठावं न्हाई व्हय तुला? आता बोर्ड बसणार हाय माजा."

"तुमच्या बढतीसाठी पोरीनं आंधळं व्हायचं?"

"सूनबाई," आप्पा मध्ये आले. त्यांच्या आवाजात खरंच माया होती. "घरचं घरी. आज देशाचा कार्यक्रम हाय. जरा बाजूला व्हा, तुमी फ्रेममधी येताय."

स्वप्नाली बाजूला झाली. मिरवणूक बोरमाळकडे गेली. मुलीची वर्दी काढून घेऊन मुलगी आईला परत करण्यात आली. (वर्दी समितीच्या मालकीची आहे. ती गावातल्या इतर जवानांच्या मुलांनाही लागते.)

रील चार लाख अकरा हजार वेळा पाहिली गेली. प्रतिक्रिया दोन हजार एकशे साठ. त्यांची वर्गवारी समितीकडे आहे: 'जय हिंद' एक हजार सातशे चार. 'डोळ्यांत पाणी आलं' दोनशे तेहतीस. 'पोरगी डोळा मारती बघा, लई गोड' एकशे नव्वद. मागे वाजणारं गाणं कुठलं असं विचारणारे बत्तीस. आणि एक बाई, कुठल्या तरी सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या. त्यांनी लिहिलं होतं की उन्हात मूल असा एक डोळा मिटत असेल तर डोळा दाखवून घ्या, उशीर करू नका. ही प्रतिक्रिया जवानाचं मनोधैर्य खच्ची करणारी असल्याने समितीने काढून टाकली.

रीलवरून वीस बाय दहाचा फ्लेक्सही झाला. 'देशाची लेक.' मिटलेला डोळा मोठ्या आकारात बरा दिसेना, म्हणून आप्पांच्या दुकानात कॉम्प्युटरवर तो उघडला. उघडल्यावर बाहेर जायला लागला, म्हणून उजवा डोळा उचलून, उलटा करून डावीकडे बसवला. साडेतीन मिनिटं लागली. धनश्रीच्या डोळ्यावर आजपर्यंत झालेला हा एकमेव उपचार. खर्च समितीने केला, हे इथे नमूद करणं आवश्यक आहे.

स्वप्नालीला कंपनीत स्नेहल नावाची जोडीदारीण आहे. दोघी पॅकिंगच्या एकाच पट्ट्यावर उभ्या राहतात. स्नेहलचा भाऊ फौजेत कारकून आहे. तिने सांगितलं की, कोर्टात तर जाताच येतं, पण फौजेत आणखी एक रस्ता आहे. जवान बायकोपोरांना सांभाळत नसेल तर बायकोने सरळ त्याच्या युनिटच्या साहेबाला अर्ज करायचा. चौकशी होते. खरं निघालं तर पगारातूनच रक्कम कापली जाते आणि थेट हिच्या खात्यात येते. नवऱ्याने दिली पाहिजे असं नाही.

"आन् खोटं निघालं तर?" स्वप्नालीने विचारलं.

"खोटं हाय का?"

"न्हाई."

"मग लिही की. काय इचारती?"

स्वप्नालीने वहीचा एक कागद फाडून अर्ज लिहिला. त्यात विशेषणं नव्हती. डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडली.

चौदाव्या दिवशी युनिटकडून उत्तर आलं. एवढ्या लवकर उत्तर आल्यामुळे बोरमाळमध्ये ते पत्र खरं आहे की नाही याबद्दल बरेच दिवस संशय होता. पत्रात लिहिलं होतं की अर्ज मिळाला आहे, जवानाकडून खुलासा मागवला आहे. बिरदेवांनी खुलासा दिला: मी मुलीला प्रेमाने सांभाळतो, सगळं गाव साक्षी आहे. सोबत: पेन ड्राइव्ह एक, रीलसह. साहेबांनी पेन ड्राइव्ह पाहिला असावा. कारण त्यानंतर त्यांनी तालुक्याला पत्र पाठवलं की मुलगी प्रत्यक्षात कोणाच्या खर्चाने वाढते याची गावात जाऊन चौकशी करा.

म्हणजे बघा, फौजेने कुठेही आडकाठी केली नाही. फौजेला फक्त एवढंच हवं होतं की गावातल्या कोणीतरी खरं सांगावं. इथून पुढे प्रकरण अवघड झालं.

तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. सात प्रतिष्ठित पंच लागणार होते, आणि गावात सात प्रतिष्ठित माणसं एकत्र एकाच ठिकाणी मिळतात ती समितीच्या कार्यालयात. चहा, भेळ झाली. मुलीला समक्ष बघावं असा मुद्दा भाऊसाहेबांनी काढला. पण मुलगी कुरकुंभला होती आणि फ्लेक्स समोरच होता, म्हणून फ्लेक्सची पाहणी करण्यात आली. पंचनाम्यातला मजकूर जसा आहे तसा देतो:

'मुलीची प्रकृती उत्तम असून दोन्ही डोळे सरळ व सुस्थितीत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत दिसून आले. मुलगी सध्या आईजवळ आहे. लहान मुलीला आईजवळ ठेवणे हे तिच्या हिताचे असल्याने जवानाने मुलीस योग्य ठिकाणी ठेवल्याचे निष्पन्न होते. मुलीचा खर्च आईच्या पगारातून भागतो असे समजते. आई ही जवानाची कायदेशीर पत्नी आहे. पत्नी जवानाची असल्याने पत्नीचा पगार हा जवानाच्याच कुटुंबाचा पगार आहे. सबब जवान मुलीस सांभाळतो. पंचांचे याबाबत एकमत आहे.'

सात सह्या झाल्या. सातही ठळक.

सखूबाई त्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसली होती. ठोंबऱ्यांच्या भिंतीला तिची भिंत. वय सत्तरीच्या पुढे.

"भाऊसाब, म्हाजंबी ल्ह्या," ती म्हणाली. "म्या बघितलंया. हितनं गेली तवा त्या लेकराच्या अंगात माज्या नातीचा फ्राक हुता. बापानं तीन वर्सांत एक खोडरबर धाडलं न्हाई. पोरगी हाताला धरून चालती, डाव्या अंगाचा दगुड दिसत न्हाई तिला. ल्ह्या. अंगठा देते."

भाऊसाहेब सज्जन होते. त्यांनी पेन उघडलं. मग विचारलं, "आजी, तुम्ही स्वप्नालीला हाक काय मारता?"

"सूनबाई म्हणते. काय म्हणू मग?"

"म्हणजे नातेवाईक झालात. नातेवाइकाची साक्ष चालत नाही."

"अन् आप्पा? त्योबी सूनबाईच म्हणतोय की!"

भाऊसाहेबांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी समजावून सांगितलं की ते अध्यक्षपदाच्या नात्याने म्हणतात. भाऊसाहेबांनी पेन बंद केलं. सखूबाईने घरी जाताना फ्लेक्सखाली थांबून जे शब्द वापरले ते पंचनाम्यात नाहीत, कारण ते नातेवाइकाचे होते.

पंचनामा युनिटला गेला. तिथल्या साहेबांनी तो वाचला, आणि त्या माणसाबद्दल काय बोलावं कळत नाही, कारण त्याने सह्यांखालची पदंसुद्धा वाचली. त्यांनी उलटटपाली दोन ओळींचं पत्र स्वप्नालीला पाठवलं. सातही पंच एकाच समितीचे पदाधिकारी आहेत. तरी नातं नसलेल्या, वैर नसलेल्या, हकीकत माहीत असलेल्या एका साक्षर व्यक्तीचं सहीचं निवेदन तीस दिवसांत पाठवा, म्हणजे कपातीचा आदेश काढता येईल. सोबत छापील नमुना. त्यात रकाना नऊ: स्वतंत्र साक्षीदाराचं नाव व सही.

एक सही. सात नव्हे, एक.

स्वप्नालीने सुट्टीच्या रविवारी धनश्रीला बरोबर घेतलं. चष्मा एव्हाना स्वप्नालीच्या पगारातून झाला होता. चांगल्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणजे ती अर्धवट डोळ्याने आईचं बोट धरून चालत होती. दोघी बोरमाळमध्ये एक्केचाळीस घरं फिरल्या. गावाचा पाहुणचार चांगला आहे. बत्तीस ठिकाणी चहा झाला, पोरीच्या हातात बिस्किटाचे पुडे जमले. कोणीही वाईट बोललं नाही. पट्टी बघून सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. एका बाईने दृष्ट काढली.

सतरा घरांनी मालक घरी नाहीत असं सांगितलं. (त्यातल्या सहा ठिकाणी हे मालकांनी स्वतः सांगितलं.) अकरा घरं सही करायला तयार होती, उद्या. आठ घरांत पोरगा भरतीची तयारी करतोय, आणि फौजेच्या विरुद्ध सही केली तर त्याला मेडिकलमध्ये काढतील अशी भीती आहे. सही फौजेनेच मागितली आहे हे स्वप्नालीने पत्र दाखवून सांगितलं. पत्र बघून भीती वाढली. चार घरांत सुना मधल्या दारात उभ्या राहून फार लक्ष देऊन ऐकत होत्या, म्हणून तिथल्या सासूबाईंनी विषय बदलला.

राहिलं एक घर. हौसराव मामांचं.

हौसराव मामा बावीस वर्षं फौजेत होते. अंगाला दोन गोळ्या लागल्या, त्यातली एक मांडीत अजून आहे. गावातली पोरं ती हाताने चाचपून बघतात. मामांनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, छापील नमुना उलटसुलट केला. खिशाचं पेन काढून टोपण उघडलं. धनश्रीला जवळ घेऊन, पट्टी नसलेल्या डोळ्यासमोर बोट धरलं आणि विचारलं, "हे किती, बाळा?"

"एक," धनश्री म्हणाली. "पर त्ये हालतंय."

बोट हलत नव्हतं. मामांनी ते खाली घेतलं.

"पोरी," मामा स्वप्नालीला म्हणाले, "अजून फौजेत असतो ना, तर मीच ह्यो कागुद घिऊन युनिटच्या शीवो सायबापुढं कडक उभा ऱ्हायलो असतो. तुजं खरं हाय. शंभर टक्के खरं हाय."

"मग मामा, करा की सही."

"आता म्या गावात ऱ्हातोय."

"तुमाला गोळ्या लागल्यात, मामा."

"गोळी एकदाच लागती गं. गाव रोज भेटतं." त्यांनी टोपण लावलं. "माजी घरपट्टी माफ हाय. रस्त्याला माज्या नावाची पाटी हाय. नातवाची सोयरीक आप्पांच्या भाचीशी चाललीय. मला म्हाताऱ्याला माफ कर."

मामांनी धनश्रीला बिस्किटाचा पुडा दिला आणि दारापर्यंत सोडायला आले. सॅल्यूट करायला हात उचलल्यासारखा केला आणि केस सारखे केले.

स्वप्नाली रडली नाही. येताना एसटीत तिने पुडे मोजले, अठरा निघाले. ते शेजारणीच्या पोरांत वाटले. सोमवारी पहिली पाळी होती.

कुरकुंभमध्ये साक्षीदार का मिळत नाही, असा प्रश्न येईल. शाळेचे हेडमास्तर तयार होते. खोलीचे मालकही तयार होते. पण कुरकुंभच्या लोकांनी दिलेले जबाब सदर गावाबाहेरचे असून त्यांस जवानाच्या घरची माहिती असणे शक्य नाही, असं पत्र समितीने आधीच युनिटकडे रवाना केलं आहे. म्हणजे ज्यांना माहीत आहे ते गावात आहेत म्हणून बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते गावात नाहीत म्हणून त्यांना माहीत नाही. एवढी बिनचूक व्यवस्था तालुक्यात दुसऱ्या कुठल्याही कामाची नाही. नळाची तर नाहीच.

तीस दिवसांतले सव्वीस गेले आहेत. पुढच्या महिन्यात धनश्रीला सात पुरी होतील. रकाना नऊ कोरा आहे.

अटी पुन्हा एकदा तपासून बघितल्या. साक्षीदाराचं स्वप्नालीशी नातं नसावं. बिरदेवांशी वैर नसावं. बोरमाळमध्ये त्याची जमीन, घरपट्टी, सोयरीक, पाटी, काही अडकलेलं नसावं. लिहिता-वाचता यावं. हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असावी. बराच शोध घेतल्यावर अशी एकच व्यक्ती सापडली, आणि ती वाचत वाचत या ओळीपर्यंत आलेली आहे.

घाबरू नका. कागद घेऊन तुमच्या दारात कोणी येणार नाही. तुमचा वेळ मोडू नये म्हणून तुमचा जबाबही लिहून ठेवला आहे, फक्त नजरेखालून घाला: 'सदर व्यक्तीने संपूर्ण हकीकत वाचली. चार-पाच ठिकाणी हसू आले. मुलीच्या डोळ्याबद्दल वाचून मनापासून वाईट वाटले. तथापि दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय सही करणे योग्य होणार नाही, असे तिचे मत पडले.' (दुसरी बाजू वर दिलेली आहे. ती वाचताना तुम्ही मान हलवली होती.)

खाली सही करायची गरज नाही. न केलेली सही बोरमाळमध्ये पूर्णपणे ग्राह्य आहे. ती पहिल्या सात सह्यांच्या खाली धरली जाते, अनुक्रमांक आठवर.